पाण्याचा फोटो

वाशिमजवळच्या मालेगावात कुणाला डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिला, की तो माणूस वाशिमच्या गाडीत बसायच्या आधी आमच्या गल्लीत यायचा. हातात चिठ्ठी, तोंड उतरलेलं, मागे बायको नाहीतर सून. आमचं घर कोपऱ्यावर, म्हणून पहिला प्रश्न मला. "इंगोले सराचं घर कोनतं वो बाई?" मी भाजी निवडत असले तर विळीवरून न उठता मानेनेच समोर दाखवायची. तिथे पायरीवर इंगोले सर उभेच असायचे. घंटा होऊन गेली आणि वर्ग उशिरा आला, असा चेहरा करून.

मी त्यांना चिडवायची. म्हणायची, "सर, ती मशीन अर्ध्या तासात माणूस मोकळा करते. तुम्ही दोन तास घेता." त्यावर ते म्हणायचे, "मॅडम, मशीनला माणसाशी बोलायचं नसतं." मोठे टेचात म्हणायचे. आपल्या समजावून सांगण्याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

आम्ही दोघं एकाच शाळेत. मी मराठी शिकवायची, ते विज्ञान. निवृत्त झालो तेही थोड्याच अंतराने. सरांची बायको लवकर गेली, मुलगी वाशिमला दिलेली, त्यामुळे घरात एकटेच. उंच, किंचित वाकलेले, बाहेर जायचं नसलं तरी इस्त्रीचा बुशशर्ट. त्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. लाकडी भोवरा असायचा, दोरीची जाळी गुंडाळलेला. खिसा त्याच्या वजनाने उसवायचा आणि सर तो स्वतःच शिवत बसायचे, तेही चुकीच्या रंगाच्या दोऱ्याने.

दुसरी त्यांची खोड म्हणजे वर्गात त्यांनी कधी "समजलं का?" असं विचारलं नाही. आम्ही बाकीचे सगळे मास्तर दिवसातून शंभरदा विचारायचो. पोरं माना हलवायची, आम्ही पुढचं पान उलटायचो. सरांना त्या हलणाऱ्या मानांचा भारी राग. "मान काय, बैलही हलवतो," म्हणायचे. शिकवून झालं की खडू समोरच्याच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, "आता तुमी मले शिकवा." मग स्वतः बाकावर जाऊन बसायचे, आणि पोराचं चुकलं की खऱ्या विद्यार्थ्यासारखे गोंधळून त्याला प्रश्न विचारायचे. हेडमास्तर म्हणायचे, असा अभ्यासक्रम जन्मात पुरा व्हायचा नाही. व्हायचाच नाही तो.

हे एमआरआयचं सुरू झालं ते शेषराव राऊतांपासून. शेषराव म्हणजे गावाबाहेर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावणारे माळी. त्यांना चक्कर येऊन वाफ्यातच पडायला व्हायचं. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला, पोरगा घेऊन गेला, आणि संध्याकाळी शेषराव परत आले ते कानात कापसाचे बोळे तसेच ठेवून. मशीनने ठोकायला सुरुवात केली आणि हे आतून ओरडत बाहेर आले होते.

"मशीन फुटून राह्यली होती सर! मी काय त्याच्यात मराले थांबू?"

मी हसले. खरं सांगायचं तर पदर तोंडाला लावून पोट धरून हसले. सर हसले नाहीत. त्यांनी शेषरावांना पायरीवर बसवलं, खिशातला भोवरा काढला आणि विचारलं, "शेषराव, तुमच्या डोक्यात काय हाय?"

"मास्तर म्हनत जाय भुसा हाय."

"भुसा नाई. पानी हाय. अर्ध्याच्या वर पानीच हाय. आन पान्याच्या हरेक कनात हायड्रोजन असते. त्याच्या मधोमध एक लहानसा लोहचुंबक, या भोवऱ्यावानी." त्यांनी भोवरा फरशीवर सोडला. "आता तुमी अठी बसले, तं हे सारे चुंबक कसे असतीन? आठवडी बजारातल्या लोकायवानी. कोनाचं तोंड अठी, कोनाचं तठी. बरोबर? आता त्या मशीनमंदी भल्ला मोठा लोहचुंबक असते. तुमी आत गेले का यातले थोडेसे जास्त चुंबक एकाच बाजूले तोंड करतात."

"सारेच नाई?"

"सारे नाई. थोडेसेच जास्त. पन पानी इतलं हाय का तेवढे पुरतात. मंग मशीन रेडिओची लाट सोडते. बरोबर त्याइच्या सुराची. दुसऱ्या सुराची सोडली तं ते ढिम्म हलत नाईत. ही लाट लागली का ते कलतात. लाट बंद केली का पुन्हा उभे राह्यतात, आन उभे राह्यता राह्यता तसलीच लाट परत देतात. मशीन ते आयकते."

शेषराव थांबले. "म्हंजे ते पाह्यत नाई? आयकते?"

"शाब्बास!" सर इतक्या जोरात म्हणाले की गल्लीतलं कुत्रं उठलं.

मग त्यांनी शेतातलं काढलं. काळ्या जमिनीतलं पाणी आणि मुरमाडातलं पाणी सारखं वागतं का? शेषराव म्हणाले, कायचं सारखं, मुरमाडातलं लगेच निघून जाते, काळ्यातलं धरून बसते. तसंच डोक्यातलं पाणी, सर म्हणाले. कुठे मोकळं, कुठे चरबीजवळ अडकलेलं. परत उभं राहायला कुणाला वेळ लागतो, कुणाला लागत नाही. त्या फरकावरूनच चित्र उमटतं. आणि जिथे सूज असेल तिथलं पाणी तुंबलेल्या वाफ्यासारखं वेगळं कळून येतं.

"आन तो ठोकाठोकीचा आवाज?"

"लाट कपाळातून आली का मानेतून, हे मशीनले कसं समजीन? म्हनून चुंबक एका टोकाले थोडा जास्त आन एका टोकाले थोडा कमी करतात. मंग कपाळाचं पानी एका सुरात बोलते, मानेचं दुसऱ्या सुरात. हे कमीजास्त करायले आत तारेच्या गुंडाळ्या असतात. त्याइच्यात वीज चालू-बंद, चालू-बंद होते आन त्या थरथरतात. तेच ठोकनं. मशीन फुटत नाई, काम करून राह्यली असते. आता तुमी मले शिकवा."

आणि शेषरावांनी शिकवलं. भोवऱ्यांना त्यांनी पोरं केलं, लाटेला शिट्टी केलं, बरंच इकडचं तिकडे केलं, पण गाभा बरोबर. सर पायरीच्या खालच्या टप्प्यावर बसून "मंग? मंग काय होते?" असं विचारत होते.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं लांब टेबल ओसरीत काढलं. त्याखाली सतरंजी टाकली, शेषरावांना तिच्यावर उताणं निजवलं, तोंडावर वेताची टोपली ठेवली, कारण मशीनमध्येही डोक्याभोवती एक पिंजरा लावतात आणि तोच पाण्याची लाट टिपतो. दोन्ही बाजूंनी चादरी सोडल्या. मग तेलाचा रिकामा पिपा घेऊन लाकडी पट्टीने असा काही बडवला, की शेजारची माणसं भांडण समजून धावत आली. "हलायचं नाई शेषराव! हललं का चित्र पुसते!" आतून शेषराव ओरडले, "बोलू का नोको?" "बोलायचंबी नाई!"

पुढच्या खेपेला शेषराव मशीनमध्ये गेले आणि चक्क झोपले. येताना सरांसाठी मेथीच्या जुड्या आणल्या. सरांना मेथी आवडत नसे. ती सगळी माझ्या घरी आली.

तेव्हापासून ते टेबल ओसरीतच राहिलं. अनसिंगची माणसं यायची, इंझोरीची यायची. मशीनजवळ धातू चालत नाही म्हणून कुणाची बायको अडकलेली जोडवी साबण लावून काढत बसायची, कुणी म्हातारा टोपलीखालून देवाचं नाव घ्यायचा. सर पिपा वाजवायचे. शब्द अडला की मला हाक मारायचे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. "मॅडम, केंद्रकाला सोपं काय म्हणू?" मी म्हटलं, "गाभा म्हणा." तो शब्द त्यांना इतका आवडला की आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, हा गावंडे मॅडमनी दिला. मलाही बरं वाटायचं. काहून नाही वाटणार?

या सगळ्या शाळेत पहिल्या बाकावर एकच विद्यार्थिनी होती, आणि तिला एमआरआय करायचाही नव्हता. विमलकाकू. सरांच्या भिंतीला भिंत लागून रोकड्यांचं किराणा दुकान, त्या घरातल्या. जैन घर. नवरा गेल्यावर दुकान मुलाने, अभयने पाहिलं, पण साखर-तांदूळ तोलायला काकू गल्ल्याशेजारी बसलेल्याच. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, आणि डोळे असे की मापातला दाणा इकडचा तिकडे होऊ देणार नाहीत. सरांची शिकवणी सुरू झाली की काकू दुकानाच्या फळीवर येऊन बसायच्या. एखादं चुकलं तर पेशंटच्या आधी त्याच सांगायच्या. सर एकदा म्हणाले, "काकू, शाळेत असत्या तर मी तुमाले मॉनिटर केलं असतं." काकू म्हणाल्या, "सातवीतून काढलं बाप्पा घरच्यायनं, नाई तं मी तुमालेच शिकवलं असतं."

काकूंच्या घरी पाणी गाळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही, आणि दिवस बुडाल्यावर काकू गाळलेलंही पीत नसत. तांब्याच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं कायम. गाळून झालं की ते फडकंही जपून धुवायचं, त्यात अडकलेला जीव मरू नये म्हणून. आणि पाण्याचाही स्वतःचा जीव असतो अशी त्यांची श्रद्धा. तर एके दिवशी सर भोवरा फिरवून रंगात आले होते, आणि काकूंनी मधेच विचारलं, "सर, एक इचारू? ते पान्याले आडवं पाडतात म्हनता, त्याच्यानं पान्याच्या जीवाले इजा तं नाई होत?"

ओसरीत सगळे हसले. सर हसले नाहीत. जे प्रश्न ऐकून आम्ही हसायचो, तिथे हा माणूस गंभीर व्हायचा. त्यांनी भोवरा हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं, "नाई काकू. मोडतोड काईच होत नाई. एक्स-रेच्या किरनावानी कन फोडत नाई हे. नुसतं कलतात आन आपापले उभे राह्यतात. पयले होते तसेच."

"मंग बरं," काकू म्हणाल्या. "मंग मी करीन कदी पाळी आली तं."

हे वाक्य सर पुढे कितीदा तरी मला म्हणून दाखवायचे. आधी कौतुकाने. नंतर दुसऱ्याच आवाजात.

ते भाद्रपदातले दिवस. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि काकूंनी तेला धरला होता, म्हणजे लागोपाठ तीन दिवसांचे उपवास. त्यांच्यातले उपवास आपल्यासारखे साबुदाण्याचे नसतात. पाणीसुद्धा नाही, थेंबसुद्धा नाही. सगळ्या गल्लीला ते माहीत. सरांनाही माहीत.

पहिल्याच दिवशी सकाळी काकूंच्या उजव्या हातातून साखरेचं माप गळून पडलं. बोलायला गेल्या तर शब्द भलतेच आले. थोड्या वेळाने सगळं जागेवर. हात हलायला लागला, बोलणं सुधारलं. अभय घाबरला, ताबडतोब वाशिमला घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, डोक्याचा एमआरआय उद्याच्या उद्या झाला पाहिजे. उपवासाचं काकूंनी डॉक्टरांना सांगितलंच नाही. अशा बाया सांगत नसतात.

त्याच दुपारी सरांना वाशिमला जायचं होतं. तिथल्या एका शाळेत त्यांचा सत्कार होता, शाल-श्रीफळ वगैरे, आणि मग दोन दिवस मुलीकडे राहायचं होतं. आपल्या या ओसरीतल्या शाळेचा पहिल्यांदाच कुणीतरी सत्कार करत होतं. माणूस लहान पोरासारखा खुलला होता. मला दोनदा बोलावून विचारलं, हा शर्ट बरा की तो. मी म्हटलं, खिसा न उसवलेला घाला. जीप येऊन उभी होती आणि सर पायरीवर चप्पल चढवत होते, तेव्हा काकू दुकानाच्या फळीवरून उतरून आल्या. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते.

"सर, मले सांगतला एमआरआय."

"अरे बापरे. काय झालं?" सरांनी सगळं विचारून घेतलं, अगदी काळजीने. "उद्याच करून घ्या काकू. भेव नोका. तुमाले काय सांगाचं मी? तुमाले तं सारं पाठ हाय."

"पाठ हाय. पन एक सांगा. तो पान्याचाच फोटो असते ना?"

"पान्याचाच."

"दुसरं काई दिसत नाई त्याच्यात?"

"पानी नसन तं काईच दिसत नाई," सर म्हणाले. जीपवाल्याने हॉर्न दिला. सरांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी मान हलवली, आणि सर जीपमध्ये बसले.

काकू घरी जाऊन अभयला म्हणाल्या, पारणं झालं की जाऊ. तो भांडला. त्याची बायको रडली. काकूंचं एकच. आज अंगात पानीच नाही तर मशीन पाहील काय? फोटो खोटा उमटीन, डॉक्टर खोटं औषध देईन. त्यापेक्षा पारण्याला पाणी पिऊ, एक दिवस अंगात मुरू देऊ, मग जाऊ. उपवास मोडायचा प्रश्नच नव्हता. "मी माह्या मनचं नाई सांगून राह्यली, सर सोता म्हनले, पानी नसन तं काईच दिसत नाई." आणि सरांचं नाव निघाल्यावर त्या घरात, त्या गल्लीत, पुढे कोण काय बोलणार? काकू ठणठणीत दिसत होत्या. हात चालत होता. देवळात जाऊन येत होत्या. गोळ्या डबीत तशाच, कारण उपवासात गोळी कशी घ्यायची?

पारण्याच्या सकाळी काकू पाणी गाळायला बसल्या. तांब्यावर फडकं धरलं आणि त्या तिथेच कलंडल्या. सून धावली तेव्हा फडकं हातात घट्ट होतं आणि सगळं पाणी जमिनीवर.

सर त्याच वेळी वाशिमहून परतले. शाल अजून पिशवीत. जीपमधून उतरले आणि गल्लीतली गर्दी पाहून तसेच अभयच्या गाडीत बसले. मीही गेले. अकोल्याला नेलं. तिथे लगेच एमआरआय झाला. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर. आतून ठोकण्याचा आवाज येत होता आणि सरांची बोटं मांडीवर त्याच ठेक्यात हलत होती. पट्टीची सवय.

अभयने तेव्हा सांगितलं. दोष द्यायचा म्हणून नाही. बिचारा रडत होता आणि जे मनात येईल ते बोलत होता. "मी म्हनत होतो सर, परवाच जाऊ. पन आई म्हने, सर म्हनले पानी नसन तं काई दिसत नाई. म्हनून थांबलो. तुमी म्हनलं होतं ना सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी ते सुधारून देणार आहे, एखादा शब्द सुचवून.

थोड्या वेळाने फिल्म आली. डॉक्टर ती घेऊन अभयशी बोलत होते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलाय, मोठा आहे, वाचा जाईल, उजवी बाजू जाईल, जीव वाचेल बहुतेक. पहिल्या खेपेला आले असते तर? अभयने विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच कळलं असतं तर औषध देता आलं असतं, कदाचित टळलंही असतं, पण नक्की कुणालाच सांगता येणार नाही. निर्जळी उपवासाने रक्त घट्ट झालं असेल तेही आहेच.

डॉक्टर आत गेल्यावर सरांनी ती फिल्म मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडाला धरली. कितीतरी वेळ पाहत होते. मला त्यातलं काही कळत नाही, पण रेघ न् रेघ स्वच्छ उमटलेली मलाही दिसत होती.

"पहा मॅडम," ते म्हणाले. "तीन दिवस पाण्याचा थेंब नाही. आणि किती स्पष्ट आलाय."

मी म्हटलं, "सर, बसा जरा."

"मेंदूतलं पाणी शरीर असं सहजासहजी आटू देत नाही हो. बाकी सगळीकडून काढील, पण ते राखून ठेवतं. उपवासाने फोटोला काहीच होत नाही. काहीच नाही. मी इतक्या लोकांना पाणी पाणी सांगितलं आणि हे कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून मला सुचलं नाही."

"तुम्ही खोटं नव्हतात बोललात."

"अर्धं बोललो. आणि काकूंनी मान हलवली, आणि मी निघून गेलो." त्यांनी फिल्म खाली घेतली. "मी, मॅडम. मी मान हलवलेली पाहून निघून गेलो."

गावात त्यांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. अभय तर नाहीच. कुणी बोललं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. भांडायला तरी काहीतरी मिळालं असतं. त्यांनी टेबल ओसरीतून आत नेलं. पिपा भंगारवाल्याला दिला. दार लावून बसायला लागले. माणसं चिठ्ठ्या घेऊन येतच होती. सर दार किलकिलं करून म्हणायचे, "डॉक्टरलेच इचारा. मले त्यातलं काई समजत नाई." मग ती माणसं माझ्याकडे पाहायची आणि मी विळीकडे.

इंझोरीची एक बाई आली होती, डोकं दुखून दुखून डोळ्यांपुढे अंधारी यायची तिला. सरांनी परत पाठवलं. ती गेली आणि मशीनच्या तोंडातूनच भिऊन परतली. तिचा नवरा गल्लीत उभा राहून म्हणाला, "सर होते तवा लोक हासत जात होते वो." मला इतका राग आला की मी तरातरा सरांच्या दारी गेले आणि बोलले, जे तोंडाला येईल ते बोलले. एका चुकीसाठी साऱ्या गावाला उपाशी ठेवणार का तुम्ही? ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मला आता बोलताना भीती वाटते. मी काय सांगतो ते मला माहीत असतं. समोरचा काय घेऊन जातो ते नाही." एवढा बोलका माणूस. मला रडू आलं आणि मी परत आले.

एक गोष्ट मात्र ते रोज करत. काकूंना घरी आणल्यापासून रोज दुपार कलली की दुकानामागच्या खोलीत जायचे. काकू खाटेवर उशांना टेकून. उजवा हात निपचित, तोंडातून शब्द नाही. समोरच्याचं सगळं कळतं का, हेही डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. सर स्टुलावर बसायचे आणि शिकवायचे. "रोज तेच सांगतात," सून मला म्हणाली. "कायले सांगतात कोन जाने. आई नुसती पाह्यते त्याइच्याकडं."

मी मुलाकडे कायमची अकोल्याला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी काकूंचा निरोप घ्यायला गेले. हिवाळा होता, उन्हं लवकर उतरत होती. सर तिथे होतेच. इस्त्री नसलेला शर्ट, खिसा उसवलेला. भोवरा नव्हता. खाटेशेजारी तांब्या, तोंडावर पांढरं फडकं. मी दाराशी थांबले. सरांची पाठ माझ्याकडे होती.

"काकू, मशीन जे पानी पाह्यते ते या तांब्यातलं नाई," ते हळूहळू, एक एक शब्द ठेवत सांगत होते. "हे पेलं काय न पेलं काय, ते पानी डोक्यात असतेच. ते शरीर राखून ठेवते. उपासाले काई फरक पडत नाई. हे मी तुमाले सांगाले पाह्यजे होतं. हे सांगाचं राह्यलं." मग, इतक्या वर्षांची जीभ, तिला कोण आवरणार, पुढचं आपोआप आलं. "आता तुमी मले..."

त्यांचे खांदे वर जाऊन तसेच राहिले.

काकूंनी ऐकलं होतं. त्यांचा डावा हात गोधडीवरून उचलला गेला. आधी तांब्याकडे गेला. बोट तांब्यावर ठेवलं आणि हात डावीउजवीकडे हलवला, नाही म्हणून. मग तोच हात मोठ्या कष्टाने वर आला आणि त्यांनी तळवा स्वतःच्या कपाळावर ठेवला. तसाच ठेवून त्या सरांकडे पाहत राहिल्या. पहिल्या बाकावरचं पोर बरोबर उत्तर देऊन जसं पाहतं, तसं. त्या शाब्बास ऐकायला थांबल्या होत्या.

सरांच्या तोंडून शाब्बास निघालं नाही. मी वाट पाहिली, काकूंनीही पाहिली. शेवटी आतून सूनच म्हणाली, "सर, दिवस बुडून राह्यला. मंग आई रातभर पानी घेत नाई. तेवढं पाजून द्या."

सरांनी फडकं बाजूला केलं, फुलपात्रात पाणी ओतलं आणि काकूंच्या ओठांना लावलं. अर्धं हनुवटीवरून साडीवर ओघळलं. काकूंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरून ठेवलं आणि घोट घोट करत उरलेलं सगळं पाणी प्यायल्या.

मी निरोप न घेताच दारातून परत फिरले. त्यानंतर सर मला दिसले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात अभयचा फोन आला, सर गेले म्हणून. मी काकूंबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आई हाय मावशी, तशीच हाय. दुपार कलली का दाराकडं पाहून हात कपाळावर ठेवते."